गेटच्या आतला कॅरिबियन

आमच्या दहावीच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे. पन्नाशीचं गेट-टुगेदर. पाचसहा जण न्यू जर्सीत असल्याने आणि त्यांना विमानाने चारेक तासांवर पडतं म्हणून ठिकाण ठरलंय कॅरिबियन. (आपल्याला मुंबईहून थेट विमान नाही. न्यूयॉर्कमार्गे जायचं तर अमेरिकेचा व्हिसा आधी काढा. पण ते कोण विचारतो!) काल एकाने जमैकातल्या एका रिसॉर्टचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "बेस्ट पार्ट म्हणजे पाच दिवस गेटबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. मनगटाला पट्टा बांधला की खाणंपिणं, बीच, सगळं त्यातच." त्यावर धडाधड अंगठे. मग दुसऱ्याचा मेसेज, "आपल्या कोकणात असं का होत नाही? एकदा किनारे कंपन्यांना देऊन टाका, बघा कसे चकाचक होतात."

पहिल्या मेसेजवर मी गप्प बसलो असतो. माणसाने आराम करायला जावं, त्यात गैर काही नाही. दुसऱ्यासाठी ही पोस्ट.

मित्रा, तो बीच एवढा मोकळा का दिसतो ते सांगतो. जमैकात बीच कंट्रोल ॲक्ट नावाचा कायदा आहे. साल १९५६, म्हणजे इंग्रजांच्या अमलातला. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, कायदा तसाच राहिला. त्यानुसार भरती-ओहोटीची पट्टी सरकारच्या मालकीची, आणि तिच्यावर जायचा, तिथून समुद्रात पोहायचा सर्वसामान्य माणसाला उपजत हक्क नाही. हक्क मिळतो परवान्याने. परवाना परवडतो कोणाला, हे वेगळं सांगायला नको. तिथले लोक गेली काही वर्षं कोर्टात भांडतायत. मॅमी बे, ब्लू लगून, बॉब मार्लेच्या नावाचा बीच, अशा एकेका किनाऱ्यासाठी. ज्या पाण्यात आजोबा पोहायला शिकले त्या पाण्यात नातवाने उतरू नये, म्हणून भिंत घातली जाते. तुझ्या फोटोत माणसं नाहीत, कारण ती गेटबाहेर उभी आहेत.

आता आपल्याकडची रापण आठव. पहाटे सगळी वाडी पुळणीवर, दोन्ही बाजूंनी दोर ओढणारे हात, वाट्याची वाट बघणारी पोरं. किनारा "देऊन टाकल्यावर" हे कुठे करायचं? गेटवर पास दाखवून? पंचतारांकित हॉटेलासाठी घेतलेल्या जमिनींवरून शिरोड्याच्या वेळागरात किती वर्षं वाद चालला, हे आपल्या जिल्ह्यात तरी कोणाला सांगावं लागू नये.

व्हिव्ह रिचर्ड्सचं पोस्टर तुझ्या खोलीत होतं ना? तो अँटिग्वाचा. त्याच देशाचा दुसरा भाग म्हणजे बार्बुडा, जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं बेट. गुलामगिरी संपल्यापासून तिथली जमीन सगळ्यांची सामायिक, २००७ साली कायद्यानेही तसं मान्य केलं. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ आलं, बेट उद्ध्वस्त झालं, अख्खी वस्ती अँटिग्वात हलवली. लोक अजून घरी परतले नव्हते तेव्हा तिकडे नव्या विमानतळासाठी बुलडोझर फिरायला लागले. मग सामायिक मालकीचा कायदाच मोडीत काढला. आज तिथे श्रीमंतांच्या घरांचा आणि गोल्फ कोर्सचा प्रकल्प आहे. वादळाने घर नेलं आणि सरकारने जमीन, असं म्हटलं तर काय चुकलं?

कोणीतरी म्हणेलच, "पर्यटनावरच त्यांचं पोट आहे, आपण नाही गेलो तर ते खाणार काय?" मुद्दा बरोबर आहे. पण पैसा पोचतो किती ते बघ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दिलेला एक अंदाज आहे, की कॅरिबियनमध्ये पर्यटकाच्या शंभर रुपयांतले ऐंशीच्या आसपास बाहेरच जातात. विमान कंपनी परदेशी, हॉटेल बऱ्याचदा परदेशी, जेवणातला माल आयातीचा. पट्टा बांधून आत बसलास तर बाहेरच्या नारळवाल्याला तू दिसणार तरी कसा?

म्हणून जाऊच नका असं मी म्हणत नाही. बार्बाडोसला जा. तिथे सगळे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूत गावातला माणूस टॉवेल टाकून पडू शकतो. (हॉटेलं वाटा अडवतात, त्यावरून भांडणं होतात, पण भांडायला कायदा आहे.) शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला जाऊन भाजलेले मासे खा. जमैकाच हवं असेल तर दक्षिणेकडचा ट्रेझर बीच बघ, मच्छीमारांची वस्ती आणि लहान गेस्टहाउस. ऑक्टोबर २०२५ च्या मेलिसा वादळाने तो भाग झोडपलाय, त्यामुळे आधी चौकशी कर, पण दिलेला पैसा तिथे घरात जातो.

आणि तारखा जुलै-ऑगस्टच्या धरू नका. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा हंगाम. २०२४ चा वर्ल्ड कप जिंकून रोहितची टीम बेरिल वादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकली होती, ते आपण रात्रभर टीव्हीवर बघितलं. त्याच वादळाने ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरं पाडली, ते आपल्या किती चॅनेलनी दाखवलं?

ग्रुपवर पोल टाकलाय. रिसॉर्ट एकवीस, बार्बाडोस दोन. त्यातलं एक माझं. दुसरं कोणाचं ते कळलेलं नाही, पण जो कोणी असेल त्याने मला फोन करावा, खोली शेअर करू.