मामाचा टाइमशेअर आणि माझी एक्सेल शीट

गेल्या शनिवारी सकाळी दहाला मामाचा फोन. विकेंडला दहा म्हणजे माझी पहाट. म्हणाला, "अरे, आपला तो टाइमशेअर विकायचाय. एक गिऱ्हाईक मिळालंय, साडेचार लाखाला. फक्त रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार आधी भरायचेत. तुझ्या त्या जीपेवरून भरतोस का?"

झोप एका सेकंदात उडाली. मामा 35 वर्षं बँकेत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या जुळवून पाहिलेला माणूस. पण स्वतःचे अडकलेले पैसे सुटताहेत म्हटल्यावर त्यालाही मोह पडला. जो दलाल साडेचार लाखाचं गिऱ्हाईक आणू शकतो, तो आपले पंधरा हजार त्यातूनच कापून घेईल की! आधी कशाला मागेल? एवढं विचारल्यावर मामा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे फ्रॉड?" म्हटलं, फ्रॉडच. टाइमशेअर विकायला काढलेल्यांच्या याद्या फिरत असतात आणि हा फोन त्या यादीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच.

पण मग प्रश्न उरलाच. खरी किंमत किती? मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय, आणि मामाने त्या खर्चाच्या हिशोबात टाइमशेअरचे 'दीड-पावणेदोन लाख' धरून ठेवले होते. त्यामुळे हा नुसता आकडेमोडीचा खेळ नव्हता. दुपारी ठाण्याला गेलो, लॅपटॉप घेऊन.

थोडा इतिहास सांगतो. डिसेंबर 2013. मॉलमध्ये मामीने एक कूपन भरलं, चार दिवसांनी 'तुम्ही जिंकलात' असा फोन. एका हॉटेलात तीन तास प्रेझेंटेशन, चहा, सामोसे, आणि शेवटी 'आज सही केली तरच ही किंमत'. 3,20,000 रुपये. 25 वर्षं, दरवर्षी सात रात्री, शिवाय वार्षिक देखभाल फी वेगळी. मी तेव्हा अकरावीत होतो. पुढच्या मे महिन्यात पहिल्या ट्रिपला मलाही नेलं होतं. पोहण्याचा तलाव, बुफे, मामी पहिल्यांदाच एवढी निवांत. खोटं कशाला बोलू, मजा आली होती. तेव्हा 'मामाने पैसे फुकट घालवले' असं मी म्हणणार नाही. मुद्दा वेगळा आहे.

मामाचा हिशोब बँकेतल्या घसाऱ्यासारखा सरळ: 25 पैकी 12 वर्षं गेली, 13 उरली. 3,20,000 भागिले 25 गुणिले 13, म्हणजे 1,66,400. ऐकायला बरोबर वाटतं. पण यात एक घोटाळा आहे. 3,20,000 ही त्या सात रात्रींची किंमत नव्हतीच. त्यात ते कूपन, ते हॉटेल, ते सामोसे, सेल्समनचं कमिशन सगळं होतं. तो भाग सही केली त्याच दिवशी संपला. शिवाय ही मालमत्ताही नाही. फ्लॅट असता तर खाली जमीन असते. आपल्याकडे असल्या बहुतेक करारांत मिळतो तो नुसता वापरायचा हक्क, आणि त्या हक्काच्या शेपटीला दरवर्षीचं बिल. ही शेपटीच सगळा घोळ करते.

मामाच्या करारातली फी पहिल्या वर्षी 12,000 होती. आता 18 टक्के जीएसटी धरून 24,000 झाली आहे. बारा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला साधारण सहा टक्के वाढ (72 भागिले 12, इंजिनिअरिंगमध्ये शिकलेल्या ज्या चार गोष्टी उपयोगी पडतात त्यातली एक :)).

मग दुसरी बाजू. तशाच खोलीला, त्याच सीझनमध्ये, बाहेर किती पडतात? इथे सेल्समन रिसॉर्टच्या दारावरचा रेट धरायला लावतो, 11 हजार वगैरे. तो धरायचा नाही. आपण स्वतः खिशातून किती देऊ तो धरायचा. महाबळेश्वर आणि गोव्याचे तीन-चार ठीकठाक हॉटेलांचे रेट काढले, सरासरी टॅक्ससकट 5,500 आली. सात रात्रींचे 38,500. वजा फी 24,000. उरले 14,500. म्हणजे सातच्या सात रात्री वापरल्या तर वर्षाला साडेचौदा हजारांचा फायदा. हॉटेलचे रेटही फीसारखेच सहा टक्क्यांनी वाढतील असं धरलं, आणि आजच्या पैशात आणायला दहा टक्के व्याजदर लावला, तर 13 वर्षांचे मिळून होतात 1,52,000 च्या आसपास. मामाचा चेहरा खुलला. "बघ, मी काय म्हणत होतो!"

म्हटलं, थांब. डायरी काढ.

मामा सगळं डायरीत लिहितो, गाडीत हवा भरली तरी. बारा वर्षांच्या डायऱ्यांतून आम्ही रात्री मोजल्या. हक्काच्या 84. वापरलेल्या 49. कुठे बुकिंग मिळालं नाही (मे आणि दिवाळीत सगळ्यांनाच हवं असतं), कुठे कोणाचं लग्न, दोन वर्षं कोविडची, एकदा माझ्या आजीचं आजारपण. न वापरलेल्या रात्री पुढे ओढल्या आणि मग मुदत संपून गेल्या. वर्षाला सरासरी चार रात्री.

आता गंमत बघा. 24,000 ला 5,500 ने भागा. 4.36. म्हणजे वर्षाला साडेचार रात्रींपेक्षा कमी वापर असेल, तर 3,20,000 विसरून गेलात, अगदी फुकट मिळालेला धरलात, तरी नुसती फी भरून तुम्ही तोट्यात. मामा त्या रेषेच्या खाली होता. त्याच्या वापराने टाइमशेअरची किंमत शून्यही नाही, उणे आहे.

मामी स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "मी दरवर्षी सांगत होते, पोरांना हॉटेल बुक करू दे." मामा काही बोलला नाही.

ही 'उणे किंमत' कोणालाच पटत नाही. पण अमेरिकेत ईबेवर लोक टाइमशेअर एका डॉलरला विकायला ठेवतात, कधी ट्रान्सफरचा खर्चही विकणाराच देतो. ते वेडे नाहीत. त्यांना पुढची बिलं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असतात. तिकडचे काही करार तर कायमचे असतात, वारसांकडे जाणारे. आपल्याकडे निदान 25 वर्षांनी सुटका आहे. (नव्वदच्या दशकात आपल्याकडेही 99 वर्षांचे विकले गेलेत, ते ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी फाइल एकदा उघडून बघा.)

आणि जाहिरातींच्या साइटवर 'दोन लाख, किंचित निगोशिएबल' असं दिसतं ते भाव नव्हेत, इच्छा आहेत. मामाने खूण करून ठेवलेली एक जाहिरात आठ महिने तशीच होती. विकली न गेलेली वस्तू किती किंमतीची नाही, एवढंच ती सांगते.

तर बाजारात येणारा साधारण गिऱ्हाईक धरा. मामापेक्षा उत्साही, वर्षाला पाच रात्री वापरणारा. पाच रात्रींचे 27,500, वजा 24,000, उरले 3,500. वरच्याच पद्धतीने 13 वर्षांचे 36,800. त्यातून मामाच्या करारातली ट्रान्सफर फी 25,000 काढा. बारा हजार. ही माझ्या मते खरी किंमत.

इथे मामाने हळूच दुसरी गोष्ट सांगितली. त्याच्याच विंगमधला एक मुलगा, दीड वर्षापूर्वी लग्न झालेला, सव्वा लाखाला तयार आहे. ट्रान्सफर फीही तो भरणार. "त्याला परवडतंय, मी जबरदस्ती करत नाही."

शीटमध्ये बघितलं. सातच्या सात रात्री वापरल्या तर 1,52,000, वजा 25,000. सव्वा लाखच. म्हणजे त्या मुलाची किंमत बरोबर आहे, फक्त त्याने सलग 13 वर्षं एकही रात्र चुकवता कामा नये. मूल झालं, नोकरी बदलली, बॉसने रजा नाकारली, रिलीज पुढे गेला... मला माझ्या टीमचं माहीत आहे, आम्हाला सात दिवस सलग रजा म्हणजे राजीनाम्याच्या आधीच मिळते.

मी मामाला म्हटलं, सव्वा लाख घे, कायद्याने तुला कोणी विचारणार नाही. पण मग तू मॉलमधल्या त्या सेल्समनच्या जागी बसलास, सामोसे न देता. विकणाऱ्याने फी किती, ती कशी वाढली आणि स्वतः किती रात्री वापरल्या हे आधी सांगावं, किंमत मग बोलावी असं माझं स्पष्ट मत आहे. सेकंडहँड गाडी घेताना आपण मेकॅनिक नेतो. इथे मेकॅनिक म्हणजे विकणाऱ्याची डायरी, आणि ती दुसऱ्या कोणाकडे नसते.

मामा चिडला. "तीन लाख वीस हजार दिलेत रे मी!" बरोबर आहे. पण ते त्या मुलाने घेतलेले नाहीत. मी चहा न घेताच निघालो, हे खरं म्हणजे बरं केलं नाही.

रविवारी रात्री मामाचा मेसेज. तो डायऱ्या आणि फीच्या पावत्या घेऊन त्या मुलाकडे गेला होता. मुलाने सगळं पाहिलं, बायकोशी बोलला. आता तो दहा हजार द्यायला तयार आहे, तेही ट्रान्सफर फी मामाने भरली तर. थोडक्यात मामाच्याच खिशातून पंधरा हजार जाणार. गंमत म्हणजे तेवढेच, जेवढे तो शनिवारी त्या दलालाला पाठवणार होता. मी म्हटलं, आधी कंपनीला सरेंडरचं पत्र लिहून बघू, फुकटात परत घेतात का ते. मजकूर मी टाईप केलाय, मामा त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतोय. पुढची फी 31 मार्चला आहे.