पानिपत पाठ, झरी माहीत नाही

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले. महायुतीची लाट सगळीकडे दिसत होती आणि त्या लाटेत डहाणूची जागा माकपच्या विनोद निकोले यांनी २०१९ नंतर पुन्हा जिंकली. अख्ख्या महाराष्ट्रात माकपचा हा एकमेव आमदार. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच मेसेज आला, ‘हे लोक अजून आहेत? आणि मुंबईला लागून?’ खाली हसणारे इमोजी.

विचारणारी मंडळी अडाणी नाहीत. ‘एम्पायर’ आणि ‘द रेस्ट इज हिस्ट्री’चे नवे भाग ती न चुकता ऐकतात. रोमचं प्रजासत्ताक कसं कोसळलं, ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल कसा लुटला, पानिपतात रसद कुठे तुटली, सगळं तोंडपाठ. फक्त चर्चगेटहून लोकलने अडीच-तीन तासांवरचा तालुका असं मतदान का करतो, ते त्यांना कळत नाही. माझं भांडण याच्याशी आहे. इतिहासाचे पॉडकास्ट आजचं राजकारण समजायला मदत करतात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण कुठला इतिहास आणि कोणाचा, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर १९४५ मध्ये आहे. त्या काळी डहाणू-उंबरगाव पट्ट्यात ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि त्या बदल्यात नवराबायको दोघंही त्याच्याकडे राबायची. व्याज फिटायचं नाही, त्यामुळे माणूस सुटायचा नाही. शिवाय वेठ होतीच. सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. सायमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात हे सगळं नोंदवून ठेवलं होतं. अहवाल फायलीत गेला आणि लग्नगडी शेतावर राहिला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली, तिथे इथले काही वारली पोचले. मग २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं की वेठ बंद. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. गावोगाव जाऊन लग्नगड्यांना सोडवण्यात आलं. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले, त्यात जेठ्या गांगड होते.

आता पुन्हा निकोलेंचा निकाल बघा. हा लाल बावटा मार्क्सच्या पुस्तकातून आलेला नाही. आजा लग्नगडी होता आणि तो कोणाबरोबर उभा राहून सुटला, ही घरातली आठवण त्यामागे आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांचे सोललेले पाय बघून शहराला धक्का बसला होता. तो मोर्चा काढणारी किसान सभाही तीच. हे माहीत असलेल्या माणसाला धक्का बसला नसता. तो थेट वनजमिनीच्या दाव्यांचं काय झालं, हे विचारायला गेला असता.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. तलवाड्यात लोक जमले कसे? किसान सभेच्या मांडणीनुसार, गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या, असा निरोप जमीनदारांच्या माणसांनी फिरवला. तिकडे पोलिसांना कळवलं की आदिवासी हल्ला करायला निघालेत. म्हणजे अफवा दोन्हीकडे पेरली गेली. पंच्याहत्तर वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातल्याच गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावाने ठार मारलं. त्याआधी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. पोलीस तिथे हजर होते. काही तासांत टीव्हीने त्याला धार्मिक रंग दिला. शेवटी अटक झालेल्या १०१ जणांच्या यादीत एकही मुस्लिम नाही, हे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावं लागलं.

१९४५ च्या गोळीबारात २०२० च्या खुनांचं समर्थन शोधायचं नाही. तसं कोणी करत असेल तर त्याचा पॉडकास्ट बंद करा. पण तलवाडा माहीत असलेल्या श्रोत्याला नेमके प्रश्न सुचले असते. अफवा कुठून निघाली? ती पसरू कोणी दिली? पोलिसांचा वचक का उरला नव्हता? आणि घटनेनंतरची दुसरी अफवा, जी स्टुडिओतून पसरली, तिचा फायदा कोणाला झाला?

तिसरं वाढवण. डहाणू तालुक्यातल्या या बंदराला केंद्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२०० कोटी. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला भूमिपूजन केलं. बातम्या ऐकणाऱ्याला वाटतं, मच्छीमार आता मध्येच विकासाच्या आडवे आले. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने इथे खास प्राधिकरण नेमलं गेलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ मध्ये, याच प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. दोन तारखा शेजारी ठेवल्या की ‘विकास की विरोध’ ही पोकळ चर्चा संपते आणि खरा प्रश्न उरतो, तो म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत नेमकं काय बदललं? समुद्र, प्रकल्प, की निर्णय घेणारे?

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला प्राध्यापक मंडळींचा. पॉडकास्ट उथळ असतो, पुस्तक वाचा. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ जरूर वाचा, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पण ज्यांच्यावर ते लिहिलंय, त्यांच्यातले बहुतेक ते वाचू शकत नव्हते. या भागात ज्ञान कानानेच आलंय. लग्नात धवलेरी गाते, तेही ऐकूनच शिकलेलं असतं. झरीच्या परिषदेची हाक तोंडोतोंडीच पोचली होती. त्यामुळे ऐकण्याला कमी दर्जाचं माध्यम म्हणणं हा शुद्ध शहरी माज आहे. उथळपणा माध्यमात नसतो, तो ‘मला हे कुठून कळलं’ हे न सांगणाऱ्या होस्टमध्ये असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. इतिहास ऐकून माणसं सोप्या जोड्या लावतात. आजचा अमका म्हणजे कालचा तमका. वाढवण म्हणजे तलवाडा नव्हे. तिथे किनाऱ्यावरचे मच्छीमार आहेत, डायमेकर आहेत, बागायतदार आहेत, आणि बंदरात नोकरी लागेल या आशेवर असलेली पोरंही आहेत. जमीनदार विरुद्ध वारली ही मांडणी तिथे चालत नाही. चांगला पॉडकास्ट साम्य दाखवून थांबत नाही, फरकही सांगतो. आणि तो लाल बावट्यालाही सोडत नाही. लग्नगडी सुटला, मग आज त्याच्या नातवाला कामासाठी पहाटे उठून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत का जावं लागतं, हा प्रश्न त्यांनाही विचारायलाच हवा.

‘राजकारण नको, इतिहास सांगा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की गडकोट आणि लढायांवर थांबणं हीसुद्धा राजकीय निवड आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या शत्रूवर चिडायला काही खर्च येत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सावकाराचं नाव घेतलं की मात्र त्याची वाडी अजून जागेवर असते. म्हणून शौर्य ऐकवलं जातं आणि मजुरीचा दर ऐकवला जात नाही.

ज्यांच्याकडे माइक आहे त्यांनी तलासरीला या. १९४५ पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या पुढची असणार, मोजकीच. त्यांच्याकडून ऐकलेली मुलं साठी-सत्तरीत आहेत. ती बोलतील, वारलीत बोलतील. ते प्रमाण मराठीत घासून गुळगुळीत करू नका, तसंच रेकॉर्ड करा. नावं विचारा, जमिनीचे गट नंबर विचारा, जमीनदारांच्या घरीही जाऊन विचारा. दहा वर्षांनी हे करायला निघालात तर बोलायला कोणी नसेल. मग पुढच्या निकालाच्या दिवशी पुन्हा तेच इमोजी येतील.