उतरलेली पट्टी

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या असतात आणि एडवणच्या कोळीवाड्यात हातांना काम असतं ते जाळ्यांचं. गेल्या रविवारी, आषाढीला, मामांच्या पडवीत डोल नावाचं जाळं पसरलं होतं. एका टोकाला मामा फाटलेलं सांधत होते, दुसऱ्या टोकाला मी आणि माझा मित्र मोबाइलवर गाणी लावून भांडत होतो. भांडण दोन वर्षांपूर्वीचंच आहे. यू टूनं आपली जुनी गाणी बदलायला हवी होती का?

आयर्लंडच्या या चौघांच्या बँडचं वेड आम्हाला कॉलेजात लागलं. १५ डिसेंबर २०१९ला ते पहिल्यांदाच भारतात वाजवायला आले, तेव्हा आम्ही सफाळ्याहून गाडी पकडून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम गाठलं होतं. मागचा अवाढव्य पडदा लालभडक झाला, ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ची गिटार सुरू झाली आणि माझ्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. ए. आर. रहमान आपल्या मुलींसह त्यांच्याबरोबर गायला आले. रात्र आम्ही विरारच्या फलाटावर काढली. पहाटे समोरून चर्चगेटची गाडी निघाली, तर डब्यात टाळ वाजत होते. सोमवार उजाडला होता आणि चाकरमान्यांचं भजन सुरू झालं होतं.

पुढे १७ मार्च २०२३ला ‘साँग्ज ऑफ सरेंडर’ हा त्यांचा अल्बम आला. स्वतःचीच ४० गाणी त्यांनी पुन्हा बांधली होती. चौघांच्या नावांनी चार भाग, प्रत्येकात दहा गाणी. ढोलताशासारखा घुमणारा ड्रम बराचसा गेला, गिटार हलकी झाली, गायक बोनोचा आवाज खाली आला. मित्राला वाटलं, आपल्या घरात शिरून कुणी भिंती पाडल्या. ‘स्ट्रीट्स’च्या बाबतीत तो चुकत नाही. त्या गाण्याचा जीव त्याच्या धावण्यात होता आणि नव्या रूपात ते बसून राहिलंय.

पण ‘संडे ब्लडी संडे’ ऐका. ३० जानेवारी १९७२ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, १३ माणसं त्या दिवशीच गेली. १९८३च्या मूळ गाण्याची सुरुवात लष्करी संचलनासारख्या ड्रमनं होते. नव्या रूपात ड्रम नाही. गिटार आणि आवाज एवढंच, शेवटी शब्दही वेगळे. तेव्हा तो तरुणाचा संताप होता. आता साठी ओलांडलेला माणूस तोच प्रश्न हळू आवाजात विचारतो आणि तो जास्त लागतो. ‘वॉक ऑन’ मुळात म्यानमारच्या आंग सान सू ची यांच्यासाठी लिहिलेलं. युद्ध पेटल्यावर त्याचे शब्द युक्रेनसाठी बदलले. मे २०२२मध्ये बोनो आणि गिटारवादक एज कीव्हच्या भुयारी रेल्वे स्थानकात जाऊन गायले, तिथं जुने शब्द घेऊन उभं राहता आलं असतं का?

मला वाटतं, रेकॉर्डनं आपल्या कानांना एक सवय लावली. गाण्याचं एकच रूप खरं आणि ते ठरलेलं, अशी. आपल्या मातीत हे कधीच नव्हतं. अभंग तुकोबांचा, चाल ज्याची त्याची. एकच अभंग पंढरीच्या वाटेवर वेगळा, विरारच्या गाडीत वेगळा. मामांच्या हातातली डोलसुद्धा त्यांच्या आजोबांच्या वेळी सुताची होती, आज नायलॉनची आहे. पाण्याच्या ओढीत तोंड उघडून उभी राहायची तिची रीत तेवढी तीच.

संध्याकाळी देवळात भजन होतं. आमचे बुवा एके काळी काळी पाचच्या पट्टीत गायचे, आवाज पार बंदरापर्यंत जायचा. त्या संध्याकाळी त्यांनी पेटीवाल्याला हळूच दोन बोटं दाखवली. पेटी काळी दोनवर आली. चालही त्यांनी संथ केली, वरच्या जागा सोडून दिल्या आणि जिथं पूर्वी तान घ्यायचे तिथं नुसता शब्द ठेवला. माझा मित्र डोळे मिटून टाळ वाजवत होता. एक ठोका चुकला नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, “बुवांनी गाणं बिघडवलं असं नाही वाटलं तुला?”

“बुवांचं वेगळं आहे,” तो म्हणाला. “बुवा आपले आहेत.”

“आणि नेरूळला तू रडलास तो माणूस कोणाचा होता?”

तो काही बोलला नाही. पावसाची सर आली, आम्ही आपापल्या घरी गेलो. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, “‘संडे’ पुन्हा लावलंय. या वेळी शेवटपर्यंत ऐकतो.”