समूहसहलीच्या बाजूने, एका तक्रारीसह

सहलकंपनीच्या बसमधून देश पाहणाऱ्या मराठी माणसाची टिंगल करणे फार सोपे आहे. आग्र्यातही वरणभात मागणारा आणि रात्री सहप्रवाशांबरोबर अंताक्षरी खेळणारा हा प्रवासी विनोदी लेखनाला आयताच सापडतो. मात्र या टिंगलीत एक अन्याय आहे. एकट्याने भटकण्याचे स्वातंत्र्य सर्वांच्याच वाट्याला आलेले नसते.

नवी मुंबईहून निघालेल्या एका दिल्ली-आग्रा-जयपूर सहलीत हे मी जवळून पाहिले. बसमध्ये निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेल्या स्त्रिया होत्या. सिडकोच्या वसाहतीत संसार उभा करताना ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्यांतल्या कित्येकींचा घरच्या माणसांवाचूनचा हा पहिलाच प्रवास. राहण्याची खोली, वेळेवर जेवण आणि आजारपणात धावून येणारे कोणी, यांची हमी नसती तर त्या घराबाहेर पडल्याच नसत्या. ज्याला आपण परावलंबन म्हणून हसतो, तीच त्यांच्या मोकळीकीची पहिली पायरी होती.

शिवाय समूहाने जाणे ही आपली जुनीच रीत. आषाढीची दिंडी समूहानेच चालते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले तेही काकांच्या सोबतीने, यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने. वाटेत ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’चे मोल या अनपेक्षितातच आहे. आजच्या पर्यटकाने वेढ्यात सापडावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ठरल्या कार्यक्रमाबाहेर काही घडायला थोडी जागा तरी असावी.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. आमच्या वाट्याला ताजमहाल सव्वा तास आला आणि संगमरवरी वस्तूंचे दुकान जवळजवळ दोन तास. त्यापायी उशीर झाला म्हणून फत्तेपूर सिक्री गाळले गेले. अकबराने १५७१ पासून उभारलेली राजधानी एका खरेदीवर ओवाळून टाकली गेली. ताजच्या चौथऱ्यावर यमुनेकडे तोंड करून एक बाई स्वस्थ बसल्या होत्या. व्यवस्थापकाने हाका मारून त्यांना उठवले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळावर चाललेल्या बाईला इथेही दुसऱ्याचेच घड्याळ मिळाले.

म्हणून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कार्यक्रमपत्रिकेत स्थळे किती हे मोजू नये. रोज बसमध्ये किती तास जाणार ते विचारावे. ‘दर्शन’ म्हणजे आत जाणे की बाहेरून पाहणे, प्रवेशशुल्क कोणाचे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. वार तपासावेत: ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. एकाच गावी दोन रात्री मुक्काम असलेली सहल निवडावी. औषधे बसच्या पोटातल्या मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत. निघण्यापूर्वी त्या प्रदेशाविषयीचे एखादे पुस्तक वाचावे. मग वाटाड्याच्या दंतकथा आणि इतिहास यांतला फरक कळतो, आणि त्या दंतकथांची गोडीही वाढते.

आणि एक मागणी सर्वांनी मिळून करावी: सहलीत एक दुपार मोकळी ठेवा. ज्याला खरेदी करायची त्याने करावी, ज्याला झोपायचे त्याने झोपावे, ज्याला नदीकाठी बसायचे त्याला बसू द्यावे. हे अशक्य नाही. परमुलखात मराठी जेवण आणि केवळ स्त्रियांसाठी वेगळ्या सहली या गोष्टीही गिऱ्हाइकांची गरज ओळखूनच कंपन्यांनी सुरू केल्या. मोकळ्या दुपारचीही गरज आहे, हे आता आपणच त्यांना सांगितले पाहिजे.