देवघरांतील रुप्याचा शंख

जुन्या घराण्यांत वांटणीची वेळ आली म्हणजे अशा कांहीं वस्तु पुढें येतात कीं, त्या मूळच्या कशाच्या व कशासाठीं, हें सांगणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. आमच्या एका आप्तांकडे गेल्या चैत्रांत असाच प्रसंग आला.

त्यांच्या देवघरांत एक रुपेरी शंख होता. खडकाच्या आकाराची बैठक, तिच्यावर तिरपा बसविलेला वीतभर शंख आणि मुखावर बिजागरीचें झांकण. विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावांत पणजोबांनीं तो घेतला, एवढेंच सर्वांस ठाऊक. काकू एकादशीस त्यांत तीर्थ ठेवीत. वांटणीच्या यादींत तो ‘चांदीचा’ म्हणून धाकट्या मुलाच्या बाजूस लिहिला गेला होता, आणि त्याच्या बदल्यांत आजींच्या सोन्याच्या पाटल्या थोरल्याकडे जावयाच्या होत्या. यादी नजरेखालून घालण्यास मला बोलाविलें, तेव्हां मीं प्रथम शंख उलटा करून पाहिला.

बैठकीच्या तळाशीं चार लहान चौकटींत ‘ई. पी. एन्. एस्.’ हीं इंग्रजी अक्षरें होतीं. पाहणारास तो चांदीचा शिक्काच वाटावा. परंतु त्यांचा अर्थ, निकलमिश्रित धातूवर विजेच्या साह्यानें चढविलेला चांदीचा मुलामा, असा आहे. तांबें, जस्त व निकल यांचें हें मिश्रण पांढरें दिसतें. बाजारांत त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण त्यांत चांदीचा अंशहि नसतो. अशा मुलाम्याचें पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं १८४० सालीं घेतलें, आणि मध्यम स्थितींतील इंग्रजांच्या टेबलावर चांदीचा थाट स्वस्तांत आला. इंग्लंडांतील खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाची मुद्रा असते. हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्याची ती खूण. येथें सिंह नव्हता. उलट बैठकीच्या झिजलेल्या कडेवर पिवळट करडा धातु उघडा पडला होता.

मग हा शंख कशाचा? तें चमचे ऊन ठेवण्याचें पात्र होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत त्याची चाल होती. मोठ्या घरांत स्वयंपाकघर जेवणघरापासून दूर, त्यांत हवा थंड. गार चमचा मांसाच्या रश्शांत घातला कीं त्यावर चरबी थिजे. म्हणून शंखांत कढत पाणी भरून वाढावयाचे चमचे त्यांत बुडवून ठेवीत. थंडीच्या दिवसांत तूप पळीला कसें धरून बसतें, हें आठवलें म्हणजे ही सोय आपल्याहि ध्यानांत येईल.

हें सांगतांना मला संकोच वाटला. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चाळीस वर्षें मीं त्यांत गंगाच ओतली, बाबा. देवाला तें ठाऊक आहे. पण आतां कळल्यावर त्याच्यापुढें ठेववणार नाहीं. आणि पाटल्यांच्या बदलीं लेकाच्या हातांत देववणार तर नाहींच नाहीं.” पाटल्यांची जोडी दोघां सुनांत एकेक अशी वांटली गेली. शंख दिवाणखान्यांतल्या फडताळांत गेला.

ज्यांच्या घरीं असें कांहीं असेल त्यांनीं तें तोलण्यापूर्वीं उलटें करून, भिंग घेऊन पाहावें. पारखण्यासाठीं सोनाराला त्यावर कानस चालवूं देऊं नये. मुलामा पातळ असतो, गेला तो गेलाच. राख, चिंच, रांगोळी यांनींहि घासूं नये. कोमट पाण्यांत सौम्य साबण घालून मऊ फडक्यानें पुसावें व लगेच कोरडें करावें. मुलामा झिजलेल्या भांड्यांत आंबट पदार्थ कदापि ठेवूं नयेत, कारण आंतल्या धातूंत तांबें असतें.

काकूंनीं यादींतला ‘चांदीचा’ हा शब्द स्वतःच्या हातानें खोडला व वर ‘मुलाम्याचा’ असें लिहिलें. त्याखालीं दोघां भावांनीं सह्या केल्या.