नाव कुणाचे, कष्ट कुणाचे, सही कुणाची?

दहिसरहून चर्चगेटची धीमी लोकल पकडली की वाटेत विलेपार्ले लागते. १९२९ साली तिथे सुरू झालेल्या कारखान्याने गावाचे नाव घेतले आणि 'पार्ले' हे नाव कंपनीची मालमत्ता झाले. पुढे त्याच चौहान घराण्यातील रमेश चौहान यांनी १९९३ मध्ये थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट ही नावे कोका-कोलाला विकली. ट्रेडमार्कचा कायदा असाच आहे. नाव विकता येते, वापरायला देऊन त्याचे पैसे घेता येतात. सही मालकाची लागते, बाटल्या भरणाऱ्या कामगाराची नाही.

मग 'कोल्हापुरी' या नावाचा मालक कोण?

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. जीआय कायद्याचे कलम २४ सांगते की हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. तरतूद उत्तम आहे. पण नोंदणीत मालक म्हणून नावे आहेत ती दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांची.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचे नावही न घेता. जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली; नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, असे सांगितले. डिसेंबरमध्ये याच महामंडळांशी प्राडाचा करार झाला. जोड दोन हजार, किंमत सुमारे ८०० युरो.

काही मित्र म्हणतात, जगाचा बाजार मिळाला, आता तक्रार कसली? बाजाराला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न सहीचा आहे. ज्या कातड्याला हात लावला म्हणून माणसाला विटाळ मानले, त्याच कातड्याची चप्पल आज राज्याचा अभिमान झाली. अभिमान सगळ्यांचा आणि सही साहेबांची, मग कातडे कमावणारा आणि वेणी विणणारी बाई कुठे आहेत?

उत्तर त्याच कायद्यात आहे. कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करता येते आणि मग नावाची चोरी झाली तर तो स्वतः कोर्टात जाऊ शकतो. म्हणून आमची मागणी आहे: महामंडळांनी वस्तीवस्तीत जाऊन प्रत्येक कारागिराची ही नोंदणी करावी, घरातल्या बाईची तिच्या स्वतःच्या नावाने. करार मराठीत आणि कन्नडमध्ये जाहीर करावेत. ८०० युरोंतले किती कारागिराच्या हाती पडतात, तो आकडा सांगावा.

दया नको, हक्क हवा. जय भीम!