दरवाजे उघडण्याआधी गावाला कळवा

बेळगाव-निपाणी भागातली धरणं आपल्याला पाणी देतात, म्हणून त्यांच्या धोक्याविषयी बोलणं अनेकांना कृतघ्नपणाचं वाटतं. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं. हिडकलच्या कालव्यांवर हुक्केरी-गोकाककडचा ऊस उभा आहे. आमचं येळ्ळूर गाव यांपैकी कुठल्याच धरणाच्या पायथ्याशी नाही. आमच्या शिवारात दरवर्षी शिरतो तो बळ्ळारी नाला, आणि नुकती नट्टी झालेलं भात त्याच्या पाण्यात कुजताना पाहणं काय असतं हे आम्हाला ठाऊक आहे. मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगेच्या काठच्या गावांत आमच्या लेकी दिलेल्या आहेत. म्हणून हे मुद्दे मांडतो आहे. धरणं पाडा, अशी मागणी यात नाही.

१. धरण न फुटताही माणसं मरतात. आपल्याकडे धरणाचा धोका म्हटलं की पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१ रोजी, काम पुरतं झालेलं नसताना पाणी साठवलेलं ते मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली आलं. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदेवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. पण इटलीतलं वायोंट धरण आजही जागेवर उभं आहे. ९ ऑक्टोबर १९६३ला बाजूचा डोंगर त्याच्या जलाशयात कोसळला, उसळलेली लाट भिंतीवरून पलीकडे गेली आणि खोऱ्यातली सुमारे दोन हजार माणसं मेली. आपल्या भागातला नेहमीचा धोका याहून साधा आहे. धरण शाबूत असतं, दरवाजे नियमाप्रमाणेच उघडले जातात, आणि खालच्या गावात नदी रात्रीतून चढते.

२. भरलेलं धरण पूर अडवू शकत नाही. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण दरवर्षी याच ठिकाणी लोकांची समजूत चुकते. हिडकलची साठवण सुमारे ५१ टीएमसी. वरून ५० हजार क्युसेक पाणी येत राहिलं तर दिवसाला ४.३२ टीएमसी भर पडते. धरणात दोन टीएमसीच जागा उरली असेल तर ती अकरा तासांत संपते. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. खरा निर्णय त्याआधी झालेला असतो: जुलै संपताना किती जागा मोकळी ठेवायची हा. उन्हाळ्यात पाणी हवं म्हणून धरण लवकर भरावं असं शेतकऱ्यालाही वाटतं, सरकारलाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुसळधार आली की त्या घाईची किंमत गोकाक-कोन्नूरसारख्या गावांना मोजावी लागते. २०१९मध्ये ती मोजली गेली. जागा किती ठेवायची याचं वेळापत्रक अभियंत्यांकडे असतं. ते आपल्याही भिंतीवर का नसावं?

३. पाणी एका राज्यातून येतं आणि दुसऱ्यात बुडवतं. वेदगंगा पाटगावकडून, दूधगंगा काळम्मावाडीकडून निपाणी भागात उतरते. चंदगडच्या डोंगरांतलं पाणी घटप्रभेला मिळतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. त्यामुळे एकट्या बेंगळुरूला किंवा एकट्या मुंबईला जाब विचारून भागत नाही. आलमट्टी धरणाच्या वादातही आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. कर्नाटकाला पाण्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, आणि सांगली-कोल्हापूरची पुराची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण २०१९च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या महाराष्ट्राच्याच वडनेरे समितीने त्या पुराचं मुख्य कारण म्हणून आलमट्टीकडे बोट दाखवलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं ही कारणं आपल्या घरातली आहेत. दुसऱ्या राज्याला दोष देताना आपल्या पूररेषेत उभी राहिलेली बांधकामं आपण विसरतो.

४. यंत्रं म्हातारी होतात. १० ऑगस्ट २०२४च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. सत्तर वर्षांच्या त्या धरणातून, वाहत्या पाण्यात तात्पुरती फळी बसेपर्यंत, शेतीसाठी साठवलेलं कितीतरी पाणी सोडून द्यावं लागलं. लिबियातल्या डेर्ना शहरावर सप्टेंबर २०२३मध्ये दोन धरणं फुटून हजारो लोक गेले. एका अभ्यासकाने वर्षभर आधीच त्या धरणांच्या दुरुस्तीविषयी लिहिलं होतं. आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनी दोनशेवर धरणं आहेत. नव्या धरणाचं भूमिपूजन होतं, जुन्या दरवाजाच्या साखळीचं कुणी काही करत नाही.

५. कोयना. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगर भागात सुमारे १८० माणसं गेली. जलाशयातल्या पाण्याच्या भारामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचं जगभर दिलं जाणारं हे उदाहरण आपल्या सह्याद्रीतलं आहे.

६. कायदा आपल्या बाजूचा आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१पासून लागू झाला. मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आणि जुन्या धरणांसाठीही पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा, हे त्यात बंधनकारक आहे. ही मुदत ३० डिसेंबर २०२६ला भरते. आराखडा म्हणजे पाणी कुठवर येईल, किती वेळात येईल, माणसांनी कुठे जायचं आणि कुणी कुणाला कळवायचं. असा कागद कार्यालयाच्या कपाटात राहिला तर त्याचा उपयोग शून्य.

७. इशारा कळणाऱ्या भाषेत हवा. येळ्ळूरला भाषेचा प्रश्न समजावून सांगायला नको. जुलै २०१४मध्ये गावच्या फलकावरून इथे लाठीमार झाला आहे. पण हा मुद्दा त्या वादात ओढू नका. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं तत्त्व आहे. रात्री दोनला भोंग्यावरून आलेली सूचना ऐंशी वर्षांच्या आजीला दुसऱ्याने उलगडून सांगावी लागत असेल, तर ती सूचना मिळालीच नाही असं समजावं. आम्हाला मराठीत सांगा, कन्नड शेजाऱ्याला कन्नडमध्ये. जत आणि गडहिंग्लजकडच्या कन्नड कुटुंबांसाठी महाराष्ट्रानेही हेच करावं.

८. ग्रामसभांनी आता हे मागावं. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आराखड्याचा नकाशा, दोन्ही भाषांत. पुलाच्या खांबावर रंगाने आखलेल्या पातळ्या, आणि कोणत्या पातळीला जनावरं सोडायची, कोणत्या पातळीला घर सोडायचं हे शब्दांत. जून ते सप्टेंबर रोज सकाळी धरणातला साठा, मोकळी जागा आणि विसर्ग यांचे आकडे पंचायतीच्या फळ्यावर. विसर्ग वाढवण्याआधी किती तासांची सूचना मिळेल, याचं दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांकडून लेखी उत्तर. आणि मे महिन्यात एकदा, पाऊस नसताना, भोंगा वाजवून सगळ्या गावाची रंगीत तालीम.